फ्लाय फिशिंग व मोठ्या माशांची हाताळणी (पुणे परिसर)

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसे, केस, लोकर आणि चमकी गळावर दोऱ्याने बांधून केलेले, जवळजवळ वजनहीन आमिष जड दोरीच्या जोरावर फेकून मासा धरण्याची पद्धत. नेहमीच्या गळाला शिसे किंवा कणकेचा गोळा असतो. तो पुढे झेपावतो आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. इथे उलटे आहे. वजन दोरीत असते, काठी ती दोरी मागे-पुढे हवेत उलगडते आणि टोकाची ‘माशी’, म्हणजे ते आमिष, तिच्याबरोबर जाते. ही विद्या वाढली थंड देशांतल्या ट्राउट माशांच्या ओढ्यांवर. पुण्याभोवतीच्या धरणांवर आली की तिच्यात दोन फरक पडतात: मासा मोठा आणि दांडगा असतो, आणि पाणी कोमट असते. पहिला फरक कोणाच्याही लगेच ध्यानात येतो. दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही, आणि धरून पुन्हा पाण्यात सोडलेला मासा जगणार की मरणार हे बरेचसे त्याच्यावर ठरते.

पाणी आणि मासे

पुण्याच्या पश्चिमेला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना, लोणावळ्याकडे वळवण आणि शिरवता, तर पूर्वेला भीमेवरचे उजनी, एवढा हा पसारा आहे. गळवाल्यांच्या बोलण्यात मात्र धरणांपेक्षा ‘बॅकवॉटर’च, म्हणजे भिंतीमागे वरच्या अंगाला पसरलेले पाणीच, जास्त येते, आणि ते बरोबरही आहे. भिंतीजवळ पाणी खोल असते आणि तिथे जायला मनाई असते. मासा सापडतो तो वरच्या अंगाला: ओढा धरणाला मिळतो तिथे, बुडालेल्या नदीपात्राच्या कडेला, पाण्याखाली गेलेल्या बांधांच्या आणि झाडांच्या खुंटांच्या आसपास. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, माशी माशाला दिसतच नाही. ऑक्टोबरात गाळ बसू लागतो आणि तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या पद्धतीला सगळ्यांत चांगला.

या पाण्यातला मानाचा मासा महसीर. दख्खनी महसीर, ज्याला निळ्या परांचा महसीरही म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले, आणि तो नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. आज पुण्यातल्या संगम पुलावरून खालचे घाण पाणी पाहणाऱ्याला हे पटवणे कठीण. मोठे खवले, जाड मांसल ओठ, मिशांच्या दोन जोड्या आणि घशात दात अशी त्याची ठेवण. जबड्यात दात नाहीत, पण घशातल्या दातांनी तो गोगलगाय सहज फोडतो. खाणे सर्वभक्षी: काठावरच्या उंबराचे फळ पाण्यात टपकले की तेही गिळतो आणि लहान मासाही. म्हणून त्याच्यासाठी माशाच्या पिल्लासारखी आणि फळासारखी अशी दोन्ही प्रकारची ‘माशी’ बांधतात. फळासारखे आमिष खरे तर माशी नव्हेच, पण हौशी मंडळी याचा फारसा विचार करत नाहीत.

महसीरखेरीज कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, मरळ, शिंगाळा आणि चिलापी हे नेहमीचे. कटला आकाराने सगळ्यांत मोह पाडणारा, पण तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे माशीला क्वचितच तोंड लावतो. त्याच्या मागे दिवस घालवण्यात अर्थ नाही.

साधने आणि फेक

फ्लायच्या दोऱ्यांना क्रमांक असतात. दोरीच्या पुढच्या ३० फुटांचे वजन किती, यावरून क्रमांक ठरतो. ८ क्रमांकाच्या दोरीत ते २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम भरते. काठी त्याच क्रमांकाची घ्यायची. धरणातल्या महसीरसाठी ८ किंवा ९ क्रमांक योग्य. ट्राउटसाठीची ४-५ क्रमांकाची नाजूक काठी घेऊन पाच किलोच्या माशाशी अर्धा तास झुंजण्यात कौशल्य आहे असे काही जण मानतात. माशाच्या बाजूने पाहिले तर तो निव्वळ छळ आहे. का, ते पुढे येईल.

दोरी तरंगणारी की बुडणारी, हे मासा कोणत्या थरात आहे त्यावर ठरते. पहाटे आणि दिवेलागणीला मासा काठाशी, उथळ पाण्यात येतो, तेव्हा तरंगणारी चालते. ऊन चढले की बुडणारी दोरी टाकून, मनात आकडे मोजत ती खाली जाऊ द्यायची आणि मग डाव्या हाताने टप्प्याटप्प्याने ओढत आणायची. लहान माशाची नक्कल करणाऱ्या माश्यांत क्लाउझर मिनो जगभर चालते. अमेरिकेत बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ती स्मॉलमाउथ बास या माशासाठी बांधली. तिच्या डोळ्यांच्या जागी धातूचे डंबेल असते, त्यामुळे गळ उलटा, टोक वर करून चालतो आणि तळाच्या दगडांत कमी अडकतो. आपल्या खडकाळ काठांवर हा गुण फार उपयोगी पडतो.

माशाने माशी धरली की काठी वर उचलण्याची सवय मोडावी लागते. काठी उचलली तर माशी तोंडातून निसटते. काठीचे टोक पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने दोरी ताठ ओढायची. गळ रुतला की मग काठीला बाक द्यायचा. त्यानंतर महसीर जी पहिली धाव घेतो, ती थांबवायच्या भानगडीत पडू नये. रिळाला ब्रेक चांगला हवा आणि जमिनीवर सोडलेल्या दोरीचा वेढा पायात नको.

कोमट पाण्याचा प्रश्न

पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.५. पुण्याची धरणे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास आहेत, त्यामुळे हे आकडे आणखी थोडे खाली येतात. त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढते. म्हणजे खर्च वाढतो आणि जमा घटते, आणि ते नेमके एप्रिल-मे महिन्यांत, सुट्या लागलेल्या असताना.

गळाला लागलेला मासा धावतो तो पांढऱ्या स्नायूंच्या बळावर. हे स्नायू प्राणवायूविना काम करतात आणि लॅक्टिक आम्ल साचवतात. रक्ताची आम्लता वाढते. झुंज लांबली की हे देणे वाढते आणि फेडायला काही तास लागतात. मासा पोहत निघून गेला म्हणजे तो जगला, हा काठावरचा सर्वांत मोठा गैरसमज. थकलेला मासा खोलात जाऊन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मरतो आणि लगेच वर येत नाही, त्यामुळे धरणारा निर्धास्त राहतो. दणकट काठी आणि जाड तंगूस वापरून झुंज लवकर संपवणे, हा म्हणून दयेचा पहिला भाग. उन्हाळ्यात दुपारी गळ न टाकणे हा दुसरा.

महसीर तसा काटक आहे. कावेरीतल्या निळ्या परांच्या महसीरवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नीट हाताळलेले मासे पकड-सोड, म्हणजे धरून परत सोडणे, बऱ्यापैकी सोसतात, पण झुंज आणि हवेतला वेळ वाढला की त्यांच्या प्रतिक्रिया मंदावतात, असे त्यात दिसले. कावेरीला मात्र प्रवाह आहे. धरणाच्या काठचे पाणी उभे असते आणि दुपारी उथळ कडेचे पाणी साऱ्या धरणात सर्वांत तापलेले असते. मासा सोडताना धरणारा नेमका त्याच पाण्यात उभा असतो.

हाताळणी

तयारी गळ टाकण्याआधीची. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. काटा नसलेला गळ दोरी ताठ ठेवली तर सुटत नाही, आणि काढताना ओठ फाटत नाही. तो स्वतःच्या बोटात रुतला तरी सहज निघतो, हा फायदा एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा काटा ठेवत नाही. हातजाळी रबराच्या जाळीची, गाठी नसलेली घ्यावी. नायलॉनच्या गाठीदार जाळीने पर फाटतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. हा थर म्हणजे माशाचे जंतूंविरुद्धचे पांघरूण. तो गेला की पुढच्या काही दिवसांत तिथे कापसासारखी पांढरी बुरशी धरते. कोरडे हात, शर्टाची बाही, उन्हाने तापलेला कातळ आणि काठावरची माती, सगळ्यांनी हेच नुकसान होते.

मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच ठेवायची. गुडघाभर पाण्यात उभे राहून, हात ओले करून, लांब चिमट्याने गळ त्याच्या वळणावर धरायचा आणि ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे फिरवायचा. बहुतेक वेळा माशाला हातही लावावा लागत नाही. गळ घशात खोल गेला असेल तर उकरू नये; तंगूस जवळून कापून मासा सोडावा. कल्ल्यांत बोटे कधीच घालू नयेत. कल्ल्यांची लाल पाती अतिशय नाजूक असतात आणि मासा जिवंत राहतो तो त्यांच्यामुळेच. जबड्याला धरून उभा लटकवणे हे फोटोत रुबाबदार दिसते, पण पाण्याने तोललेले वजन एकाएकी जबड्याच्या सांध्यावर आणि आतड्यांवर येते. मोठा मासा आडवाच धरावा: एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीच्या परांखाली.

फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार करून मासा पाण्यातून उचलावा आणि अंगावरून पाणी निथळत असतानाच परत खाली घ्यावा. दहा सेकंद पुरतात. वजन करायचे तर ओल्या झोळीत घालून. वजनकाट्याला टांगून नव्हे.

सोडताना त्याला सरळ धरून कमरेएवढ्या पाण्यात, शक्य तर सावलीत किंवा ओढ्याच्या तोंडाशी न्यावे. मासा मागे-पुढे ढकलण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग नाही: पाणी तोंडातून आत येऊन कल्ल्यांतून बाहेर जायला हवे, मागे ओढल्याने ते उलटे वाहते. त्याला नुसता आधार द्यावा आणि कल्ल्यांची झाकणे एका लयीत हलू लागण्याची वाट पाहावी. तयारी कळण्याच्या साध्या खुणा आहेत. आडवा केला तर तो स्वतः सरळ होतो का, अंग कलंडले तरी डोळा आडव्या रेषेत राहतो का, शेपूट धरली तर झटका देतो का. झटका देऊन हातातून सुटला, की तो तयार होता.

महसीर, कटला, रोहू यांच्या वायुपिशवीची नळी अन्ननलिकेला जोडलेली असते. त्यामुळे खोलातून वर येताना ते हवा तोंडावाटे सोडू शकतात आणि पोट फुगून तरंगण्याचा त्रास त्यांना सहसा होत नाही.

इतर मोठे मासे

मरळीचे गणित वेगळे. ती हवेतून श्वास घेते, म्हणून तिला पाण्याबाहेर काही क्षण सोसतात, पण अंग ओले ठेवावेच लागते. पावसाळ्यात उथळ, पाणगवताच्या पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसतो. त्याखाली आईबाप राखण करत असतात. बेडकासारखी माशी तिथे टाकली की मरळ तुटून पडते, भुकेने नव्हे तर पिल्लांसाठी. तिला काढले की पुंजका तासाभरात चिलापीच्या पोटात जातो. हंगामात पुंजका दिसला की दोरी गुंडाळावी, यावर जाणत्या गळवाल्यांत दुमत नाही.

शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या परांना करवतीसारखे काटे असतात. त्याला जाळीतच स्थिर करून चिमट्याने सोडवावे.

आफ्रिकन मागूर गळाला लागला तर पकड-सोडीचा नियम लागू नाही. बाहेरून आलेला हा हावरा मासा देशी माशांची पिल्ले फस्त करतो, भारतात त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि तो परत पाण्यात सोडणे हे औदार्य नसून घात आहे.

वळवण आणि पुढे

लोणावळ्याच्या वळवण धरणापाशी टाटा पॉवरचे महसीर केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालते. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे दख्खनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पावसाळ्यात परिपक्व माद्यांचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढतात, नराचे वीर्य त्यावर सोडतात आणि मादीला जिवंत परत पाण्यात ठेवतात. मोठा महसीर न मारता कसा हाताळावा हे गळवाल्याने शिकायचे असेल तर याहून चांगली शाळा नाही. एकेकाळी धोक्यात गणला गेलेला टॉर खुद्री आता धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे.

या यशाला दुसरी बाजूही आहे. इथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली, तिथे ती फोफावली आणि कावेरीचा मूळचा कुबडा महसीर, टॉर रेमादेवी, मागे हटत गेला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. त्यामुळे ‘आमच्या गावच्या तळ्यात चार महसीर सोडू’ असे कोणी म्हटले की आधी ते तळे कोणत्या खोऱ्यात आहे ते विचारावे.

देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे मारायचे नाहीत ही जुनी रूढी आहे, आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीचे मासे देवाचे मानले जातात. तिथे सोडून देण्यासाठीसुद्धा गळ टाकू नये.

परवानगी आणि काळजी

धरणांतील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. हौशी गळवाल्याने आधी स्थानिक संस्थेला विचारावे. खडकवासला हे शहराचे पिण्याचे पाणी आहे आणि त्याच्या काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) हद्दीत येतो, हेही ध्यानात ठेवावे.

बॅकवॉटरच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत घेतो. एकट्याने पाण्यात उतरू नये. मागे फेकलेली माशी डोळ्यात जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि टोपी हवीच. कार्बनची काठी विजेची उत्तम वाहक आहे: काठावरून गेलेल्या तारांखाली फेक करू नये, आणि वळवाचे ढग गडगडू लागले की ती खाली ठेवून तिच्यापासून दूर जावे.