डोंगरी वनांतील चराई आणि झाडांचे पुनरुत्पादन : पार्श्वभूमी

शेळ्यामेंढ्यांना जंगलाबाहेर ठेवणारे कायदे जुने आहेत. फ्रान्समध्ये १६६९ च्या वनविषयक फर्मानानेच राजाच्या जंगलांत त्यांना मज्जाव केला होता. डोंगरांचा स्वतंत्र विचार मात्र एकोणिसाव्या शतकात, पुरांच्या धास्तीने सुरू झाला. फ्रान्सने १८६० मध्ये उतारांवर सक्तीची झाडलावणी आणली, तिला पशुपालकांनी इतका विरोध केला की १८६४ मध्ये झाडांऐवजी नुसते गवत वाढवण्याची मुभा द्यावी लागली, आणि १८८२ मध्ये ठरावीक वर्षांसाठी कुरणे बंद ठेवण्याची तरतूद झाली. स्वित्झर्लंडने १८६८ च्या महापुरानंतर, १८७६ मध्ये, उंच डोंगरांतील जंगले संघराज्याच्या देखरेखीखाली घेतली. जनावर हटले की झाड आपोआप येते, हे त्या काळचे सर्वसाधारण गृहीत होते.

ते इतके टिकले, याला ‘चराई’ हा शब्दच बराचसा जबाबदार आहे. या एका शब्दात गवत खाणे, रोपाचा शेंडा खुडणे, खुरांनी तुडवणे आणि गुराख्याने जनावरांसाठी झाडाचा पाला छाटणे अशा चार निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. गाय जिभेने गवताचा झुबका ओढून तोडते, आणि रोप बहुधा त्या झुबक्यात सापडले तरच जाते. शेळी कोवळा शेंडा शोधून खुडते, प्रसंगी मागच्या पायांवर उभी राहून. आल्प्समध्ये वारंवार खुडलेले स्प्रूसचे रोप मरत नाही, तर गुडघाभर उंचीचे, उशीसारखे दाट झुडूप होऊन बसते. वर्षानुवर्षे ते आडवे पसरत राहते, आणि घेर इतका वाढला की तोंड मधल्या शेंड्यापर्यंत पोचेनासे होते, तेव्हा तो शेंडा सुटतो व झुडपातून सरळ झाड वर निघते. असे झुडूप पाहणीच्या दिवशी ‘पुनरुत्पादन’ म्हणून मोजायचे की ‘पुनरुत्पादनाचा अभाव’ म्हणून, यावर अहवालाचा निष्कर्ष फिरतो. जनावरांच्या मोजणीतही हाच घोळ आहे. युरोपीय आकडेवारीत शेळी म्हणजे दुभत्या गायीचा दहावा भाग. चाऱ्याच्या हिशेबाला हे प्रमाण चालते, पण दहा शेळ्या आणि एक गाय रोपांना सारख्याच, असे कोणताही गुराखी म्हणणार नाही.

या घोळाचे सर्वांत दूरगामी उदाहरण आजच्या उत्तराखंडातील कुमाऊंचे आहे. १९११ ते १९१७ या काळात तेथील विस्तीर्ण जंगले राखीव झाली आणि चराई, पालाछाटणी व वणवा लावणे यांवर निर्बंध आले. १९२१ मध्ये चीड पाइनच्या राखीव जंगलांत मोठ्या प्रमाणावर आगी लावल्या गेल्या, तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींनंतर राखीव जंगलांची दोन वर्गांत विभागणी झाली : व्यापारी महत्त्व नसलेली, मुख्यतः बांज ओकसारख्या रुंद पानांची जंगले पहिल्या वर्गात घालून जवळजवळ खुली करण्यात आली, आणि राळ व लाकूड देणारी चीड, देवदार यांची जंगले दुसऱ्या वर्गात घालून वनखात्याकडे ठेवण्यात आली. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. या वाटणीला सवलत म्हटले गेले, आणि ती सवलत होतीही. परंतु चीडच्या सुया जनावरे सहसा तोंडात धरत नाहीत, तर बांजाचा पाला आवडीचा चारा आहे. म्हणजे ज्या झाडाला मोकळ्या चराईचा धोका सर्वाधिक, तेच मोकळे सोडले गेले, आणि ज्याला तो कमी त्याला संरक्षण मिळाले. शिवाय चीडच्या जंगलात जनावरे नसली की वाळके गवत साचते आणि वणव्याला इंधन मिळते. त्यानंतरच्या अहवालांतून बांजाच्या ऱ्हासाचे खापर केवळ जनावरांवर फोडले जाते तेव्हा १९२१ नंतरचा हा निर्णय हिशेबात धरला जात नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बंदीच्या परिणामांचा अनुभव जसजसा साठला, तसे गृहीत ढिले पडले. पश्चिम हिमालयात देवदाराचे बी हिवाळ्याच्या तोंडाशी पडते आणि बर्फ वितळताच उगवते. कळप वर सरकण्याचा हंगामही नेमका तोच असल्याने थोड्या दिवसांच्या वाटचालीतही नवी रोपे तुडवली जातात, मग वर्षभराची सरासरी संख्या कितीही कमी असो. उलट आल्प्समधील लार्चच्या बारीक बियांना उघडी माती लागते आणि ती कधीकधी खुरांनीच मोकळी होते. कुंपण घातलेल्या उतारावर गवत किंवा रिंगाळ बांबू दाट माजला, तर पहिल्या काही वर्षांत फुटलेली रोपे त्याखाली गुदमरतात. उंच भागातील सिल्व्हर फरच्या जंगलांत तर न कुजलेल्या पाचोळ्याचा जाड थरही बी रुजू देत नाही, हे जुन्या वनपालांनाही ठाऊक होते. युगोस्लाव्हियात १९५४ मध्ये शेळ्या पाळण्यावरच बंदी आली आणि उघडे डोंगर झुडपांनी भरले. मात्र त्याच दशकांत खेड्यांतील माणसेही शहरांकडे गेली, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

कुंपणाच्या प्रयोगांतही अशीच एक खोच आहे. उंच कुंपण गुरांबरोबर हरणांनाही अडवते, म्हणून नुसत्या आतल्या-बाहेरच्या तुलनेतून पाळीव जनावरांचा वाटा वेगळा निघत नाही. त्यासाठी गुरे अडतील पण हरणे उडी मारून जातील असे दुसरे, बुटके कुंपण शेजारी घालावे लागते.

दरम्यान कायद्यांची भाषाही बदलली. स्वित्झर्लंडच्या १९९१ च्या वनकायद्याने झाडांनी विखुरलेल्या कुरणांना वनाच्याच व्याख्येत घेतले. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायी आणि फिरत्या, दोन्ही प्रकारच्या चराईला सामुदायिक हक्क म्हणून मान्यता दिली. त्या तरतुदीत भटक्या पशुपालकांचा हंगामी प्रवेशही स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, पण ‘चराई’ हा शब्द तेथेही एकच आहे, आणि त्यात गवत, शेंडा, खूर व पाला अजून एकत्रच आहेत.