अन्ननलिकेच्या कॅन्सरमधली रेडिओथेरपी

ठाणे-नवी मुंबईकडे बोलताना रेडिओथेरपी कोणी म्हणत नाही, 'शेक चालू आहेत' नाहीतर 'लाईट घेतोय' म्हणतात. शेक म्हटलं की गरम पाण्याची पिशवी आठवते पण इथे चटका वगैरे काही बसत नाही, मशीनमधून जोरदार एक्स-रे गाठीवर मारतात, त्याने पेशींचा डीएनए तुटतो, चांगल्या पेशी बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या तेवढ्या नाही, म्हणून डोस एकदम न देता सोमवार ते शुक्रवार रोज थोडा थोडा.

लाईट सांगितला म्हणजे आता आशा संपली, असं नातेवाईक धरून चालतात. तसं नाहीये. आपल्याकडे अन्ननलिकेचा कॅन्सर बहुतेक स्क्वामस जातीचा (नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशींतून होणारा), तंबाखू-दारूशी नातं असलेला, आणि तो लाईटला चांगला दाद देतो. नेदरलँड्सच्या क्रॉस ट्रायलमध्ये (2012) ऑपरेशनच्या आधी 23 बैठकांत 41.4 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) आणि आठवड्याला एक केमो दिली, तर स्क्वामसवाल्यांपैकी 49 टक्के लोकांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर सापडलाच नाही. खालच्या टोकाच्या अॅडेनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या जातीत) मात्र 2024 च्या एसोपेक ट्रायलनंतर ऑपरेशनसोबत लाईटशिवाय नुसत्या केमोचं पारडं जड झालंय.

ऑपरेशन झेपणार नसेल, किंवा गाठ मानेत इतकी वर असेल की स्वरयंत्रच काढावं लागेल, तर केमोसोबत साधारण 28 बैठकांत 50.4 ग्रे हीच मुख्य ट्रीटमेंट. एका जुन्या अमेरिकन ट्रायलमध्ये नुसत्या लाईटवर पाच वर्षं कोणीच काढली नाहीत, केमो जोडल्यावर 26 टक्क्यांनी काढली. 'मग डोस वाढवा ना' असं घरचे म्हणतातच, 61.6 ग्रेपर्यंत वाढवूनही बघितलं, फायदा झाला नाही. पसरलेल्या आजारात पाच-दहा बैठका देतात, त्या फक्त घास उतरावा म्हणून. फरक पडायला काही आठवडे लागतात, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकला तर लवकर गिळता येतं.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, तिथे प्रोटॉन मशीनही (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांनी लाईट देणारं) आहे, पण प्रत्येकाला ते लागतंच असं नाही. ठाण्याहून पनवेल लोकल थेट जाते, तरी पाच-साडेपाच आठवडे रोजची ये-जा म्हणजे पेशंटपेक्षा सोबतचा माणूस आधी थकतो! टेबलावर काम पाच-दहा मिनिटांचं, वेळ जातो तो छातीवरच्या मार्करच्या खुणा मशीनच्या रेषांशी जुळवण्यात, म्हणून आंघोळीला त्या घासायच्या नाहीत. बाहेरून दिलेल्या लाईटनंतर अंगात किरणं उरत नाहीत, घरी नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आधी भाकरी अडकायची, आता पाणीही जळजळत उतरतं. ठेचा-लोणचं बंद, मऊ भात, नाचणीची पेज, ताक, आणि वजन उतरत राहिलं तर नाकातून नळी. नळीला लोक उगाच घाबरतात, उपाशी राहून बैठका चुकवण्यापेक्षा ती शंभरदा बरी. लाईट संपल्यावरही दोनेक आठवडे जळजळ राहते, मग उतरते. काही महिन्यांनी परत घास अडकायला लागला की सगळ्यांचा जीव खाली-वर होतो, पण कधी कधी अन्ननलिका नुसती आकसलेली असते, दुर्बिणीतून बघून, तुकडा तपासून, फुग्याने रुंद करतात.