केव्हलार योगायोगाने सापडले का?

केव्हलार या अतिमजबूत कृत्रिम धाग्याचा शोध योगायोगाने लागला, असे हमखास सांगितले जाते. तो लावणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांची त्याआधीची वाटचाल पाहिली, तर हे विधान टिकत नाही.

१९२३ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या क्वोलेक यांना डॉक्टर व्हायचे होते. त्या शिक्षणासाठी पैसे साठवावेत म्हणून १९४६ मध्ये त्यांनी ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत नोकरी धरली आणि १९८६ मध्ये तेथूनच निवृत्त झाल्या. कमी तापमानाला बहुवारिके (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू) तयार करणे ही त्यांची खासियत होती. चंचुपात्रात एकमेकांत न मिसळणारी दोन द्रावणे ठेवायची आणि त्यांच्या सीमेवर तयार होणारी नायलॉनची साय चिमट्याने उचलून अखंड दोरीसारखी ओढत राहायची, हा प्रयोग सहकारी पॉल मॉर्गन यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. बेन्झिनची वलये असलेल्या ताठर बहुवारिकांपैकी अनेक वितळण्याआधीच विघटित होतात. त्यामुळे ती कमी तापमानाला घडवून द्रावणातूनच कातावी लागतात.

१९६४ च्या सुमारास टायरसाठी हलका, मजबूत धागा शोधताना त्यांच्या हाती पातळ आणि दुधाळ द्रावण आले, तेव्हा कण अडकून धागा काढणाऱ्या यंत्राची छिद्रे बुजतील म्हणून तंत्रज्ञ ते कातायला तयार होईना. गाळूनही दुधाळपणा गेला नाही.

कारण रेणूंच्या आकारात होते. नायलॉनच्या साखळ्या लवचिक असल्याने द्रावणात गुंतवळ्यासारख्या वेटोळतात, परंतु येथे प्रत्येक वलय समोरासमोरच्या टोकांनी अमाइड बंधांत (कार्बन-नायट्रोजन जोडणीत) जोडलेले असते आणि अमाइड बंधाभोवती सहज फिरता येत नसल्याने साखळी काठीसारखी ताठ राहते. संहती (द्रावणातले बहुवारिकाचे प्रमाण) ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की अशा काठ्यांना अस्ताव्यस्त राहायला जागा उरत नाही आणि त्यांचे समांतर जथे बनतात. हीच द्रव-स्फटिक अवस्था. जथे प्रकाश विखुरतात म्हणून द्रावण गढूळ दिसते आणि काठ्या एकमेकींवरून सरकतात म्हणून संहती वाढूनही श्यानता (दाटपणा) घटते. बारीक छिद्रातून जाताना हे जथे धाग्याच्या दिशेने वळतात, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात आणि धाग्यावरचा ताण थेट साखळीतल्या अणूंना जोडणाऱ्या मजबूत सहसंयुज बंधांवर येतो.

मोजणीचे आकडे इतके मोठे आले, की क्वोलेक यांनी ते जाहीर करण्याआधी चाचण्या पुन्हा करवून घेतल्या.

‘पोलादापेक्षा पाचपट मजबूत’ हे जाहिरातवाक्य समान वजनाच्या तुलनेत आणि ताणापुरतेच खरे आहे. दाबाखाली हा धागा बराच दुबळा ठरतो आणि अतिनील किरणांनी त्याची ताकद घटते, म्हणून चिलखतातही तो आवरणाखाली झाकूनच ठेवतात.