फुंकर आरपार गेली, तरी हवा अडते

ऐरोलीच्या माझ्या भाच्याने सात वर्षं वापरलेली दीड लिटरची टर्बो डिझेल गाडी घेतली. शहरात बरी चालायची, घाट लागला की दम टाकायची. तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, उतरवला, एका तोंडाला कॉम्प्रेसरची नळी लावली आणि दुसऱ्या तोंडाशी हात धरून पाहिलं. "मामा, हवा आरपार येतेय, इंटरकूलर चांगला आहे म्हणाले," भाच्याने फोनवर सांगितलं. पुष्कळ ठिकाणी हवेची परीक्षा अशीच घेतात. या परीक्षेत जवळपास काहीच कळत नाही.

सायकलच्या पंपाचं बूड हवा भरताना तापतं. इंजिनात जाणारी हवा दाबणाऱ्या टर्बोतही तेच होतं. 30 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, आणि टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती साधारण 125 अंशांना बाहेर पडते. तापल्यामुळे ती फुगते, म्हणून दाब दुप्पट होऊनही घनता दीडपटच वाढते. इंटरकूलरने ती 50 अंशांवर आणली की घनता 1.9 पटींच्या आसपास जाते. इंजिनासाठी हवा म्हणजे ऑक्सिजन, आणि ऑक्सिजन म्हणजे जाळता येणारं डिझेल. इंटरकूलरची सगळी कमाई या फरकात आहे.

पण हवा थंड करायची तर ती अरुंद नळ्यांतून न्यावी लागते आणि तिथे थोडा दाब खर्ची पडतो. हा खर्च कसा वाढतो, ते मला फार सुंदर वाटतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ असताना धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवल्यावर एका टप्प्याला ती विस्कटून भोवऱ्यांत मिसळली. संथ प्रवाहात वेग दुप्पट केला तर दाबाचा खर्च दुप्पट होतो. भोवऱ्यांच्या प्रवाहात तो जवळपास चौपट होतो, म्हणजे साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

आता भाच्याच्या गाडीचा हिशेब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला दीड लिटरचं इंजिन सेकंदाला सुमारे 10 लिटर हवा घेतं. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाब देत असताना, 3000 फेऱ्यांना, तीच बाहेरच्या हवेच्या मापात 70 लिटर होते. म्हणजे सात पट, आणि वर्ग केला तर 49. दाबलेली हवा दाट असते, तिचा वेग तेवढा कमी राहतो, म्हणून जवळपास निम्मी वजावट. तरी खर्च पंचवीसेक पट! आयडलिंगला जो अडथळा दोन सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब खातो, तोच चढावर अर्धा मीटर खातो. अर्ध्या नळ्या बुजल्या तर उरलेल्यांतून दुप्पट हवा जाते आणि त्यांच्यातला खर्च चौपट होतो. हाताला लागणाऱ्या फुंकरीत यातलं काहीच उमटत नाही.

आणखी एक अडचण आहे. बऱ्याच गाड्यांत बूस्टचा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असतो. मध्ये अडथळा आला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, टर्बोला जास्त पळवतो आणि सेन्सरवरचा दाब ठरलेल्या जागी आणतो. त्या एकाच जागचा आकडा पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. टर्बो मात्र जास्त राबतो आणि हवा आणखी तापते.

म्हणून दाब दोन्हीकडे मोजायचा, आणि तोही भाराखाली. आम्ही एकच गेज वापरला, म्हणजे त्याची चूक दोन्ही आकड्यांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. टर्बोच्या तोंडाशी आणि मॅनिफोल्डशी, म्हणजे हवा इंजिनात शिरते तिथे, टी-जॉइंट बसवले आणि गेजची नळी खिडकीतून आत घेतली. पहाटे रिकाम्या गायमुख घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, 3000 फेऱ्यांना भाचा गाडी चालवत होता आणि मी आकडे टिपत होतो. चालवणाऱ्याने गेजकडे बघू नये, दुसरा माणूस हवाच.

टर्बोपाशी 1.26 बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब), मॅनिफोल्डपाशी 0.98. फरक 0.28 बार. एवढ्या हवेला 0.1 बारच्या आसपास मी समजू शकलो असतो.

दरम्यान ताईने बंपरला काळी बाहुली बांधली होती आणि कुणीतरी 'पॉवर वाढवणारं' द्रावण टाकीत ओतायला सांगितलं होतं. ताईची काळजी मला कळते. पण दृष्ट काढून किंवा डिझेलमध्ये काही मिसळून नळीतला अडथळा हलत नाही, आणि अशा बाटल्यांवर लोकांचे पैसे जातात याचं मला वाईट वाटतं.

मग पहिला टी-जॉइंट टर्बोपासून काढून इंटरकूलरच्या तोंडाशी नेला आणि पुन्हा तोच चढ चढलो. फरक 0.08. म्हणजे इंटरकूलर निर्दोष होता, 0.2 बार त्याच्या अलीकडच्या रबरी होजमध्ये जात होता. होज काढून कापला. टर्बोकडून येणाऱ्या तेलाच्या वाफेने आतला थर सुजून सुटला होता आणि त्याची जिभेसारखी पट्टी लोंबत होती. हळू हवेत ती भिंतीला टेकून राहायची, जोराचा झोत आला की उठून वाट अडवायची. इंटरकूलर उतरवून फुंकर मारली, तेव्हा हा होज परीक्षेत नव्हताच. असता, तरी त्या फुंकरीने पट्टी हलली नसती.

नवा होज बसवून टी-जॉइंट पुन्हा टर्बोपाशी लावला. त्याच घाटात फरक 0.09 बार.