ग्राम आरोग्य सेविका

खेड्यात किंवा पाड्यावर राहणारी, अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीत प्रथमोपचार, माता-बालसंगोपन व आरोग्यशिक्षणाचे काम करणारी स्त्री. शासकीय परिभाषेत ‘आरोग्य सेविका’ म्हणजे उपकेंद्रातील एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका). तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. गडचिरोलीतील ‘आरोग्यदूत’ आणि देशभरातील ‘आशा’ (सरकारी योजनेतील गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ती) ही या कल्पनेचीच रूपे होत.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. चीनमधील डिंगशियान येथे १९३०च्या दशकात चेन झिछियान यांनी खेडुतांनाच प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवक केले होते. १९६८ नंतर चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’, म्हणजे अल्प प्रशिक्षण घेऊन खेड्यात उपचार करणारे गावकरी, जगभर गाजले आणि भारतातील प्रयोगांचे मूळ तेथेच शोधण्याची प्रथा पडली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या आरोग्यसेवक योजनेबाबत ते बऱ्याच अंशी पटते. मात्र त्या योजनेत निवड बहुतांशी पुरुषांची झाली. जामखेडची (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) परंपरा वेगळी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले, तेव्हा गावोगावी एएनएम नेमण्याचा त्यांचा विचार होता. शिकलेल्या, परगावच्या परिचारिका खेड्यात रुळल्या नाहीत. तेव्हा, साधारण १९७२च्या सुमारास, गावातल्याच बायका पुढे आल्या. त्यांतील अनेक जणी निरक्षर आणि दलित होत्या. म्हणजे हे प्रारूप परदेशी नमुन्यापेक्षा स्थानिक अपयशातून घडले असावे. जिच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तिलाच बाळंतिणीच्या उशाशी बोलावण्याची वेळ गावावर आली. या प्रयोगाचे खरे मोल येथे आहे. सेविका दर आठवड्याला जामखेडला एकत्र जमत, गावात काय घडले ते सांगत आणि त्यातूनच शिकत. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जामखेडच्या कामाची दखल घेतली. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेचे धोरण जाहीर केले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने (स्था. १९८६) ही कल्पना नवजात बालकांपर्यंत नेली. आरोग्यदूत बाळाचे वजन करी, श्वास मोजी, गुदमरलेल्या बाळाला श्वास देई आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देई. ३९ गावांतील नवजात मृत्युदर ४७ तुलना-गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने इंजेक्शन देण्यावर आक्षेप घेतले गेले. मात्र जिथून रुग्णालय गाठेपर्यंत बाळ दगावते, तिथे हा आक्षेप टिकणे अवघड आहे. २०११ मध्ये घरोघरी बाळभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला; इंजेक्शनचे काम मात्र आशांकडे आले नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी ठरल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट अधिक.

‘आशा’ योजना २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. छत्तीसगढमधील ‘मितानिन’ कार्यक्रम हा तिचा निकटचा पूर्वसुरी होय. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, डोंगरी व आदिवासी भागात वस्तीमागे एक. त्यांच्यावर देखरेखीसाठी महाराष्ट्रात गटप्रवर्तक असतात. आशा ‘स्वयंसेविका’ गणली जात असल्याने तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला व काही ठरावीक मानधन मिळते. दिवसभराच्या कामाला ‘स्वयंसेवा’ हे नाव देणे अन्यायाचेच आहे. महाराष्ट्रातील आशा २०२१ व २०२३ मध्ये संपावर गेल्या होत्या. शहरी वस्त्यांसाठी २०१३च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात अशाच कार्यकर्तीची तरतूद झाली.