किलिमांजारो आरोहण

टांझानियाच्या ईशान्य भागात, केनियाच्या सीमेलगत असलेल्या किलिमांजारो या ज्वालामुखी पर्वताच्या माथ्यापर्यंत पायी जाण्याचा प्रघात. उहुरू (५,८९५ मी.) हे येथील, तसेच आफ्रिका खंडातील सर्वोच्च ठिकाण. विषुववृत्तापासून ते दक्षिणेस सुमारे ३४० किमी. आहे. नेहमीच्या वाटांनी गेल्यास दोर, बर्फाची कुऱ्हाड किंवा बुटांना लावायचे लोखंडी काटे यांपैकी काहीच लागत नाही. त्यामुळे गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्यांनी गाठावयाच्या उंच शिखरांत याचे नाव सहसा पहिले घेतले जाते. हा लौकिक वाटेच्या स्वरूपावरून पडलेला आहे. उंचीचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

पर्वताचे शिरा, मावेन्झी आणि किबो असे तीन शंकू आहेत. शिरा सर्वांत जुना असून तो खचून त्याचे पठार झाले आहे. मावेन्झी (५,१४९ मी.) झिजून कातळसुळक्यांचा बनला आहे, आणि त्यावर जाण्यास प्रस्तरारोहण यावे लागते. नवशिक्यांची चढाई म्हणतात ती फक्त किबोची. किबोच्या विवरातून अजून गंधकयुक्त वायू बाहेर पडतो. त्याचा मोठा उद्रेक मात्र दीड-दोन लाख वर्षांत झालेला नसावा.

नाव : ‘किलिमांजारो’ या शब्दाची फोड अद्याप निश्चित झालेली नाही. पहिली अडचण पूर्वार्धातच येते. स्वाहिलीत पर्वताला ‘म्लिमा’ म्हणतात. लघुत्वदर्शक ‘कि-’ लागून झालेला ‘किलिमा’ म्हणजे टेकडी. मराठीत डोंगराची डोंगरी व्हावी तसा हा प्रकार आहे, आणि खंडातल्या सर्वांत उंच पर्वताला टेकडी का म्हणावे याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही. कौतुकाने लघुरूप वापरले असावे, हे स्पष्टीकरण मागाहून सुचलेले दिसते.

उत्तरार्धाबद्दल मते अधिक आहेत. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ याने १८६० मध्ये ‘महत्तेचा पर्वत’ आणि ‘काफिल्यांचा पर्वत’ असे दोन अर्थ संभवनीय मानले. दुसऱ्या अर्थामागे, लांबून येणाऱ्या काफिल्यांना हा पर्वत खुणेसारखा दिसे, असा तर्क आहे. स्कॉटिश प्रवासी जोसेफ टॉमसन याने १८८५ मध्ये ‘महत्ता’ हा रूढ अर्थ देऊन त्याच्या जोडीला ‘पांढरा पर्वत’ हाही अर्थ सुचवला. मसाई लोक याला ‘ओल दोइन्यो ओइबोर’, म्हणजे पांढरा पर्वतच म्हणतात. परंतु त्यावरून ‘न्जारो’चा अर्थ ‘पांढरा’ ठरत नाही. त्याच भाषेतील ‘न्गारे’ (पाणी) या शब्दाशीही संबंध जोडला गेला आहे. किनाऱ्यावरच्या समजुतीप्रमाणे न्जारो हे थंडी आणणारे भूत होय.

पर्वताच्या उतारावर केळी आणि कॉफीच्या बागा राखून असलेल्या चागा लोकांच्या भाषेतून निघणारी व्युत्पत्ती यांहून वेगळी आहे. ‘किलेमा’ म्हणजे हरवणारे, न जमणारे आणि ‘क्यारो’ म्हणजे प्रवास किंवा काफिला. ‘किलेमाक्यारो’ म्हणजे प्रवाशांना न जमणारे. यावर आक्षेप असा, की चागांच्या जुन्या बोलण्यात साऱ्या पर्वताला मिळून एक नाव नव्हतेच. ते किबो (ठिपक्याठिपक्यांचा) आणि मावेन्झी (तुटक्या माथ्याचा) अशी दोन शिखरांची वेगवेगळी नावे घेत. त्यावर उत्तर म्हणून असे मांडले जाते, की परक्यांनी नाव विचारले, चागांनी ‘ते काही जमायचे नाही’ असे सांगितले, आणि किनाऱ्यावरच्या हमालांनी ते आपल्या जिभेला वळेल तसे ‘किलिमा’शी जुळवून घेतले. ‘टेकडी’ची अडचण या मताने आपोआप सुटते, म्हणून ते इतर मतांहून किंचित अधिक ग्राह्य वाटते. तरीही अशी गोष्ट सांगायला जितकी सोपी तितकी तपासायला अवघड असते, हे विसरू नये.

माथ्याच्या नावाबद्दल मात्र वाद नाही. १८८९ मध्ये ते ‘कैसर विल्हेल्म श्पिट्झ’, म्हणजे जर्मन सम्राट विल्हेल्मचे शिखर, असे होते. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) स्वतंत्र झाला, त्या मध्यरात्री लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा याने तेथे मशाल आणि नवा ध्वज लावला. तेव्हापासूनचे नाव ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य.

इतिहास : १५१९ मधील एका स्पॅनिश भूगोलग्रंथात मोंबासाच्या पश्चिमेस ‘इथिओपियाचा ऑलिंपस’ नावाचा फार उंच पर्वत असल्याचा उल्लेख येतो. तो किलिमांजारोचा असावा, असे बहुतेकांचे मत आहे. प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीने नाईलच्या उगमाशी सांगितलेल्या चंद्रपर्वतांशी लावलेला संबंध त्यामानाने दुबळा आहे.

११ मे १८४८ रोजी योहान्स रेबमान या मिशनऱ्याला शिखरावर झगझगीत पांढरे काहीतरी दिसले. प्रथम तो त्याला ढग वाटला. बरोबरच्या वाटाड्याकडे बर्फाला शब्द नव्हता. तो त्याला नुसते ‘थंडी’ म्हणाला. विषुववृत्ताजवळ बर्फ असू शकते, हे लंडनच्या भूगोलज्ञांना, विशेषतः विल्यम डेस्बरो कूली याला, पुढे कित्येक वर्षे मान्य नव्हते. बॅरन कार्ल क्लाउस फोन डेर डेकेन याच्या १८६१ व १८६२ च्या स्वाऱ्यांनंतर हा वाद मिटला. दुसऱ्या खेपेस तो आणि ओट्टो केर्स्टेन चार हजार मीटरांच्या वर गेले होते.

जर्मन भूगोलज्ञ हान्स मायर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर ६ ऑक्टोबर १८८९ रोजी माथ्यावर पोचले. मायरचा तो तिसरा प्रयत्न होता. १८८८ मध्ये किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध झालेल्या अबुशिरीच्या उठावात तो कैद झाला होता. या चढाईत योहानी किन्याला लाउवो हा चागा तरुण वाटाड्या होता आणि तोही माथ्यावर गेला, असे टांझानियात सर्रास सांगितले जाते. १९८९ च्या शताब्दीच्या वेळी तो हयात असल्याचे सांगून त्याचा गौरव झाला. १९९६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे वय १२४ च्या आसपास सांगितले गेले. वयाचा आकडा जपूनच घ्यावा. मायरच्या वृत्तांतात वरच्या तळापर्यंत सोबत करणारा म्हणून म्विनी अमानी याचे नाव येते, आणि माथ्यावर पोचलेले दोघेच आहेत. लाउवो खालच्या टप्प्यांत वाटाड्या असावा, हे मत दोन्ही पुराव्यांशी जुळते. चागांपैकी कोणी त्याआधीच वर गेले असेल काय, याबद्दल लेखी पुरावा नाही. बर्फरेषेपर्यंत त्यांची ये-जा असणे अगदी शक्य आहे.

उंची : मायरने ती ६,००० मी.हून थोडी अधिक मानली होती. फलकावर, प्रमाणपत्रावर आणि शाळेच्या पुस्तकांत छापला जाणारा ५,८९५ हा आकडा १९५२ च्या ब्रिटिश सर्वेक्षणाचा आहे. १९९९ आणि २००८ मधील उपग्रहाधारित मोजण्यांत तो ५,८९२ च्या आसपास आला. दोन-तीन मीटरांच्या या फरकाचा अर्थ शिखर खचले असा नव्हे. समुद्रसपाटी येथून बरीच दूर आहे, आणि पर्वताखाली ‘समुद्रसपाटी’ नेमकी कोठे धरायची हे गुरुत्वाकर्षणाच्या प्रतिमानावर अवलंबून असते. प्रतिमान बदलले की आकडा बदलतो. जुना आकडा रूढ आहे. येथेही तोच घेतला आहे.

वाटा : मारंगू, माचामे, लेमोशो, रोंगाई, उंब्वे या मुख्य. मारंगू सर्वांत जुनी. झोपायला लाकडी झोपड्या फक्त याच वाटेवर आहेत. तिचे मुक्काम मंदारा (सु. २,७२० मी.), होरोंबो (३,७२०) आणि किबो (४,७२०) येथे असून पुढे गिलमन्स पॉइंटवर (सु. ५,६८५) ती विवराच्या काठाला लागते. माचामे नैर्ऋत्येकडून व लेमोशो पश्चिमेकडून येते; दोन्ही लाव्हा टॉवर या सुळक्यापाशी (सु. ४,६००) चढून त्याच दिवशी बारांकोच्या मुक्कामाला (सु. ३,९५०) उतरतात आणि पुढे बराफू तळावरून विवराच्या काठावरच्या स्टेला पॉइंटला पोचतात. ‘बराफू’ म्हणजे बर्फ. फारसी ‘बर्फ’ हिंदी महासागराच्या दोन्ही काठांना उतरले, त्यामुळे मराठी माणसाला या तळाचे नाव समजावून सांगावे लागत नाही. उंब्वे फार उभी आहे; नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. उतरण्यासाठी बहुधा म्वेका ही वाट असते.

एका चढाईत पाच वनस्पतिपट्टे ओलांडले जातात : शेती, पर्जन्यवन, झुडपी माळ, उंचावरचे वाळवंट आणि बर्फ. माळावरची राक्षसी सेनेसिओ झाडे आणि डेकेनच्या नावाची लोबेलिया ही येथली वैशिष्ट्ये होत. रात्री गोठण्यापासून बचाव करण्यासाठी लोबेलिया आपली पाने मिटून घेते.

चढाईचे महिने जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध आणि जून ते ऑक्टोबर. मार्च ते मे ‘मासिका’ हा मोठा पाऊस असतो, नोव्हेंबरच्या सुमारास ‘वुली’ हा छोटा.

उंचीचा परिणाम : माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. ऑक्सिजनचे प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के, पण दाब निम्मा झाल्याने प्रत्येक श्वासात तो निम्माच मिळतो. शरीर याला सरावते, पण सवडीने. प्रथम श्वास वाढतो, त्यातून रक्त अल्कधर्मी होते, मग मूत्रपिंडे ते सावरतात, आणि या सावरण्याला काही दिवस लागतात. तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मी.हून अधिक वाढवू नये, हा वैद्यकीय संकेत त्यातूनच आला. वर दिलेले मारंगूचे आकडे या संकेताशी ताडून पाहावेत. पाच दिवसांच्या कार्यक्रमात प्रत्येक रात्र आधीच्या रात्रीपेक्षा बरोबर हजार मीटर वर आहे. झोपड्या आहेत, पायवाट रुंद आहे, म्हणून जी वाट सर्वांत सोपी गणली जाते, तीच शरीराला सर्वांत घाई करते. होरोंबोला एक दिवस अधिक थांबल्याने काही अंशी फरक पडतो. त्या वाटेवरील २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना उंचीच्या त्रासाची लक्षणे आढळली होती. सात-आठ दिवसांची लेमोशो लांब आणि खर्चिक आहे. नवख्याला तीच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही साधी लक्षणे. चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता, बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस ही मेंदूत वा फुप्फुसांत पाणी उतरल्याची असू शकतात. तेव्हा उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे. अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) हे औषध सरावण्याची क्रिया लवकर घडवते, लक्षणे झाकत नाही. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांचे वावडे असल्यास.

सह्याद्रीतील सरावाचा उपयोग पाय आणि दम यांपुरता होतो. कळसूबाई (१,६४६ मी.) मंदाराच्या पहिल्या मुक्कामापेक्षाही हजारभर मीटर खाली आहे. सिंहगडाच्या कितीही फेऱ्या मारल्या, तरी विरळ हवेची ओळख त्यातून होत नाही. दणकट तरुण मोठ्या झपाट्याने निघून तिसऱ्या दिवशी आडवा होतो आणि साठीचे गृहस्थ रेंगाळत वर पोचतात, हे दृश्य तेथे नित्याचे आहे. वाटाडे सतत ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे सावकाश, सावकाश.

शेवटची रात्र : किबो किंवा बराफू येथून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. पुढे सुमारे बाराशे मीटरांची घसाऱ्याची चढण असते. रात्री निघण्याचे कारण असे, की गोठलेला घसारा पावलाखाली कमी सरकतो; ऊन चढले की एक पाऊल वर टाकावे आणि अर्धे परत यावे. अंधारात पुढच्याच्या टाचेवरचा दिव्याचा गोल ठिपका सोडून काही दिसत नाही. पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या तासा-दोन तासांत गोठते, म्हणून जाणते लोक रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून पाठपिशवीत उलटी ठेवतात. पाणी वरून गोठत येते, तेव्हा बर्फ तळाकडे धरते आणि बुचाशी घोटभर पाणी उरते. काठावर पोचल्यावर उहुरूपर्यंत तास-दोन तास लागतात; अनेक जण काठावरूनच परततात, आणि त्यांना त्या टप्प्याचे वेगळे प्रमाणपत्र मिळते. यशाच्या टक्केवारीचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत याचे हे एक कारण : कोणी काठाला शिखर धरतो, कोणी धरत नाही. त्याच दिवशी दोन हजारांहून अधिक मीटर उतरावे लागते. गुडघ्यांची खरी परीक्षा तेव्हा होते.

व्यवस्था : १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित, १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश. १९९१ पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय चढता येत नाही. हमालाच्या ओझ्याची मर्यादा २० किग्रॅ. असून दारावर वजन होते. त्यांची मजुरी, कपडे आणि जेवण यांवर लक्ष ठेवण्याचे काम एक स्वतंत्र प्रकल्प २००३ पासून करतो. महाराष्ट्रातून जाणारे गट बहुधा २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी किंवा १५ ऑगस्ट साधून माथ्यावर पोचण्याचा बेत करतात.

हिमनद्या : १९१२ मध्ये सुमारे १२ चौ. किमी. असलेले बर्फ २०११ पर्यंत पावणेदोन चौ. किमी.वर आले. ते २०१५ ते २०२० दरम्यान पूर्ण संपेल, हे २००२ मधील भाकीत खरे ठरले नाही. कारणाबद्दल दोन मते आहेत. एका मते तापमानवाढ प्रमुख. दुसऱ्या मते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवा कोरडी झाली, हिमवर्षाव घटला, आणि बर्फ बरेचसे न वितळता थेट वाफेत जात राहिले; माथ्याचे तापमान बहुतेक काळ शून्याखाली असते, हा त्याचा आधार. उभ्या बर्फकड्यांच्या बाबतीत दुसरे मत अधिक लागू पडते. दक्षिण उतारावरच्या उरलेल्या हिमनद्यांना रेबमान, डेकेन आणि केर्स्टेन यांची नावे आहेत.