माटोळी

गणेश चतुर्थीला गोव्यातील हिंदू घरांत मूर्तीच्या वर छताला टांगलेल्या आणि रानफळे, पाने, फुले व परसातील उत्पन्न बांधून सजवलेल्या लाकडी चौकटीस माटोळी म्हणतात. येथे तिचा विचार मुख्यतः विद्यार्थ्यांच्या निसर्गविषयक जाणिवेच्या अंगाने केला आहे.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. तो ‘माती’शी जोडून माटोळीत भूमीच्या सुफलतेची पूजा पाहणारे मत लोकप्रिय आहे. परंतु प्राकृतात ‘मट्टिआ’ असले तरी मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांनी ‘माती’त त-कारच राखला आहे, ही त्यातली अडचण होय. कोंकणीत मांडवाला ‘माटव’ म्हणतात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात याच सजावटीला ‘माटवी’ हे नाव आहे. त्यामुळे ‘लहान मांडव’ हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. मराठी ‘मांडवा’त टिकलेला ड-कार ‘माटवा’त ट-कार कसा झाला, हा प्रश्न तरीही उरतोच. प्रथेचा काळ नेमका सांगता येत नाही. काही घराण्यांतील कागदावरच्या किंवा पत्रीच्या गणपतीचा संबंध सामान्यतः इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतील धर्मन्यायालयाच्या छळाच्या, काळाशी (१५६०–१८१२) लावला जातो. माटोळीचे कृषिविधीशी असलेले नाते मात्र त्याहून जुने असावे.

माटोळीत नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग हे लिंबूवर्गीय फळ, चिबूड यांच्या जोडीला रानातील कांगलां, कवंडळ, घागऱ्यो आणि राज्यवृक्ष माट्टीच्या कोवळ्या फळांचे घोस असतात. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत मोठ्यांबरोबर रानात जाणाऱ्या मुलाला लालभडक कवंडळ दिसायला देखणे असले तरी खायचे नाही, हे वेलीपाशीच कळते. घागऱ्योची शेंग सुकल्यावर कानाशी हलवली की आतले बी वाजते, हेही तिथेच. वेल उपटायची नाही, हवे तेवढेच तोडायचे, ही शिस्त त्याच फेरीत अंगी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य होत गेला. मात्र पुस्तकातील जैवविविधतेला अशा मुलाजवळ आधीच नावे आणि जागा असतात, हा लाभ शिक्षकांनी फार मोलाचा मानायला हवा.

पणजी, म्हापसा, मडगाव येथील मुलांना हेच जिन्नस बाजारात बांधलेल्या जुड्यांतून भेटतात. नावे तिथेही कळतात. झाड आणि त्याची मर्यादा कळत नाही. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेने दुर्मीळ वनस्पतींची ओळख टिकवली, हे निःसंशय. परंतु अधिकाधिक प्रकार मिळवण्याच्या ओढीने रान ओरबाडले जाण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. विसर्जनानंतर नारळ, केळी, चिबूड घरात वाटले जातात; रानफळे बहुधा निर्माल्याबरोबर पाण्यात जातात आणि त्यांचे बी रानात परतत नाही.